विश्लेषण : साहेब तापट, मग राजीनामा कर्मचाऱ्यानेच का द्यायचा?

सकाळी दहाच्या सुमारास शाहूपुरीतील कार्यालयांची शटर वर जाऊ लागतात. व्यापारी पेठ, स्टेशन रोड, व्हीनस कॉर्नर या पट्ट्यात ट्रान्स्पोर्टवाले आहेत, करसल्लागार आहेत, विमा आणि खासगी फायनान्सची कार्यालये आहेत, दवाखाने, क्लासेस, शोरूम आहेत. यातल्या अनेक ठिकाणी दिवसाचा पहिला प्रश्न कामाचा नसतो. ‘साहेबांचा मूड कसा आहे?’ हा असतो. मूड चांगला असेल तर सुट्टीचा अर्ज आत जातो. नसेल तर तो खिशातच राहतो. काल एखाद्या बिलात चूक झाली असेल तर ती सांगायची की लपवायची, हेही त्या मूडवर ठरते.

अशा ऑफिसबद्दल विचारले की ठरलेले उत्तर मिळते : ‘साहेब तापट आहेत, पण मनाने चांगले आहेत.’ हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही खटकतही नाही. पण कर्मचाऱ्याचा पगार, झोप, तब्येत आणि पुढची नोकरी हे सगळे एका माणसाच्या स्वभावावर टांगलेले असेल, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देता येते का? पुण्यातील एका मृत्यूने हाच प्रश्न देशासमोर ठेवला होता.

पुण्यातील प्रकरण काय होते?

अर्न्स्ट अँड यंग अर्थात ‘ईवाय’ या जागतिक लेखा-सल्लागार समूहाच्या पुणे कार्यालयात मार्च २०२४ मध्ये २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट रुजू झाली. ही तिची पहिलीच नोकरी होती. चार महिन्यांनी, २० जुलै २०२४ रोजी तिचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीचे भारतातील प्रमुख राजीव मेमाणी यांना लिहिलेले पत्र समाजमाध्यमांवर पसरले. कामाच्या अतिरेकी ताणाने मुलगी गेली आणि अंत्यसंस्कारालाही कंपनीतून कोणी आले नाही, असा आरोप त्यात होता. कामाच्या दबावामुळे मृत्यू झाला हे कंपनीला मान्य नव्हते. केंद्र सरकारने चौकशी जाहीर केली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही दखल घेतली.

राज्याच्या कामगार विभागाचे अधिकारी पुण्याच्या कार्यालयात तपासणीला गेले, तेव्हा वेगळीच बाब समोर आली. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीच या कार्यालयाकडे नव्हती. कार्यालय २००७ पासून सुरू होते आणि नोंदणीसाठी अर्ज झाला होता फेब्रुवारी २०२४ मध्ये. विलंबामुळे तो फेटाळला गेला होता. म्हणजे कामाचे तास किती असावेत हे ज्या कायद्यात लिहिले आहे, त्या कायद्याच्या वहीत या कार्यालयाचे नावच नव्हते.

आईच्या पत्रातील दोन तपशील मात्र चर्चेत मागे पडले. तिच्या म्हणण्यानुसार, मुलगी ज्या टीममध्ये गेली तिथून कामाच्या बोज्यामुळे अनेकांनी आधीच राजीनामे दिले होते, आणि तू टिकून राहा, टीमबद्दलचे मत बदलून दाखव, असे तिला सांगण्यात आले होते. ऑफिसच्या एका समारंभात तर या मॅनेजरच्या हाताखाली तुला कठीण जाईल, असे एका वरिष्ठाने तिला थट्टेत सांगितले होते. आईचा हा आरोप खरा असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे : त्रास काय आहे हे वरपर्यंत माहीत होते. माहीत असूनही त्याचा फक्त विनोद झाला.

शाहूपुरीतील सहा माणसांचे ऑफिस असो वा पुण्यातील बहुराष्ट्रीय कंपनी, ही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी असते. कोणता साहेब कसा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यावर काही करणे हे कोणाचे काम आहे, ते मात्र कोणालाच ठाऊक नसते.

कडक साहेब आणि विषारी वातावरण यात फरक काय?

कामाची शिस्त मागणारा प्रत्येक वरिष्ठ छळवादी ठरत नाही. मुदत पाळा, हिशेब जुळवा, उशीर करू नका, असे सांगणे हे त्याचे कामच आहे. फरक ओळखायला तीन साधे प्रश्न पुरतात.

पहिला, नियम सगळ्यांना सारखा आहे का? कडक वरिष्ठ उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला बोलतो. वाईट वरिष्ठ एकाला बोलतो आणि दुसऱ्याला चहा पाजतो. दुसरा, बोलणे कामाबद्दल आहे की माणसाबद्दल? ‘हे टॅली परत तपास’ ही सूचना झाली. ‘तुला डोकं आहे का?’ हा अपमान झाला, आणि तो चारचौघांत झाला तर हेतूच अपमानाचा होता. तिसरा, आज जे बरोबर ते उद्याही बरोबर असते का? सोमवारी सांगितलेले काम बुधवारी ‘कोणी सांगितलं होतं?’ म्हणून नाकारले जात असेल, तर कर्मचारी कितीही हुशार असला तरी चुकणारच.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल फारसे बोलले जात नाही. ओरडणारा साहेब दिसतो. निर्णय न घेणारा, जबाबदारी खाली ढकलणारा, श्रेय स्वतःकडे ठेवणारा साहेब दिसत नाही. तो कधी आवाजही चढवत नाही. पण त्याच्या हाताखालचा माणूस सतत अंदाज बांधत जगतो, आणि त्याची जास्त ताकद कामापेक्षा या अंदाजातच खर्च होते.

यात नुकसान फक्त कर्मचाऱ्याचेच होते का?

कोल्हापूरला हे समजावून सांगायला परदेशी पुस्तकांची गरज नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीत एखाद्या कास्टिंगमध्ये ब्लो-होल सापडले, तर जाणता सुपरवायझर वाळूतला ओलावा बघतो, धातूचे तापमान बघतो, साच्यातून वायू बाहेर जायला वाट आहे का ते बघतो. रिजेक्शन एकसारखे वाढत असेल तर दोष प्रक्रियेत शोधायचा असतो, हे तिथे शिकाऊ पोरालाही माहीत असते. मात्र त्याच मालकाच्या ऑफिसातून वर्षात चार जण सोडून गेले, तर उत्तर तयार असते : ‘हल्लीची पोरं टिकत नाहीत.’ माणसांचे रिजेक्शन वाढले की प्रक्रिया तपासायची असते, हे कोणाला सुचत नाही.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगले नेतृत्व असलेल्या गटांत औषध देण्यातील चुका कमी होतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर कारण कळले. त्या गटांत लोक चूक झाली की सांगत होते, म्हणून ती कागदावर येत होती. भीती असलेल्या गटांत चुका होत नव्हत्या असे नाही, त्या दडवल्या जात होत्या. दवाखान्यात दडवलेली चूक रुग्णाला भोवते. करसल्लागाराच्या ऑफिसात ती ग्राहकाला दंडाच्या नोटिशीच्या रूपात भेटते.

आरोग्याचा हिशेब तर आणखी गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात आढळले. तरीही आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती ७० तासांची आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘एल अँड टी’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांची भाषा करतात. वरचा माणूस जे बोलतो ते खालच्या प्रत्येक मॅनेजरच्या हातातले हत्यार होते, याचे भान अशा विधानांत दिसत नाही.

छोट्या शहरात तोंड उघडणे अवघड का?

मुंबई-पुण्यात नोकरी सोडली तर रस्ता ओलांडून दुसरी मिळण्याची शक्यता असते. कोल्हापुरात तसे नाही. इथे एकाच धंद्यातले सगळे एकमेकांना ओळखतात. नव्या ठिकाणी मुलाखत दिली की संध्याकाळपर्यंत जुन्या साहेबांना फोन गेलेला असतो. नोकरी बरेचदा मामाच्या किंवा वडिलांच्या ओळखीतून लागलेली असते. त्यामुळे तक्रार केली तर ती साहेबांविरुद्ध राहत नाही, शब्द टाकणाऱ्या मामाविरुद्ध होते. घरात आईचे म्हणणे ठरलेले : ‘थोडं सोस, सगळीकडे असंच असतं.’

त्यात ‘आपलं ऑफिस म्हणजे एक कुटुंब’ हे पालुपद. कुटुंबात ओव्हरटाइम मागायचा नसतो, रविवारी बोलावले तर नाही म्हणायचे नसते आणि मोठ्यांना उलट बोलायचे नसते. पगारवाढीचा विषय निघाला की मात्र कुटुंब मागे पडते आणि मंदी पुढे येते. नेमणूकपत्र दिलेले नसते, अनुभवाचा दाखला हातात ठेवलेला असतो. काही ठिकाणी तर मूळ गुणपत्रिका साहेबांच्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यासमोर आवाज कसा निघणार?

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ हा डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही त्यातील मूळ मर्यादा. जादा तासांना दुप्पट वेतन, वर्षाला आठ नैमित्तिक रजा, आठवड्याची सुट्टी या तरतुदी त्यात आहेत. पण कायद्याचा मुख्य भाग दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुरुस्तीला मंजुरी दिली. त्यात ही संख्या २० वर, दिवसाची मर्यादा दहा तासांवर आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्याचा निर्णय झाला. शिवाय गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरील व्यक्ती या कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहेत. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापून मिळाले की पगारापेक्षा कामाचे तास आधी वाढतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. राजीनामा दिल्यावर किंवा कामावरून काढल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याची तरतूद वेतन संहितेत आहे. २० किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यात मालक व कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने हवेत. इथेही आकडा २० चाच. शाहूपुरीतील सहा-आठ माणसांच्या ऑफिसपर्यंत ही समिती पोहोचत नाही.

लैंगिक छळाबाबत मात्र कायद्याने हा विचार केला आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते आणि त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलांना जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जाता येते. पण रोजचा अपमान, धाकदपटशा, मुद्दाम एकटे पाडणे याविरुद्ध भारतात स्वतंत्र कायदा नाही. कामाच्या ठिकाणच्या हिंसा व छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १९० जून २०१९ मध्ये स्वीकारला गेला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क देणारे खासदार सुप्रिया सुळे यांचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत आले, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले गेले. खासगी विधेयकांचे कायद्यात रूपांतर क्वचितच होते.

इतर देशांत काय केले गेले?

फ्रान्समध्ये ‘नैतिक छळ’ हा २००२ पासून कायद्याने गुन्हा आहे. फ्रान्स टेलिकॉममधील कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कंपनीसह माजी प्रमुख दिदिए लोम्बार यांना दोषी ठरवले. हजारो लोकांनी स्वतःहून नोकरी सोडावी यासाठी वरून ठरवलेले धोरण हाच छळ ठरला. वरच्या न्यायालयांतही हा निकाल मूलतः टिकला. जपानने ‘पॉवर हॅरासमेंट’ रोखण्याची जबाबदारी जून २०२० पासून मोठ्या कंपन्यांवर आणि एप्रिल २०२२ पासून लहान-मध्यम कंपन्यांवरही टाकली. लहान आस्थापनांना अवधी मिळाला, सूट मिळाली नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

कोल्हापूरने हे आधी केले होते, ते कसे?

शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. याच राजाच्या नोकरीत, पागेत, गंगाराम कांबळे नावाचा सेवक होता. वरच्या जातीच्या नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला शिवला म्हणून सहकाऱ्यांनी त्याला मारहाण केली. महाराज तेव्हा संस्थानाबाहेर होते. परतल्यावर गंगारामने त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी ते ऐकून घेतले, मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्याने हॉटेल काढले. लोक तिथे जाईनात, तेव्हा स्वतः महाराज तिथे थांबून चहा पिऊ लागले. ही गोष्ट कोल्हापुरात घरोघरी सांगितली जाते, आणि ती बहुतेकदा राजाच्या मोठ्या मनाची गोष्ट म्हणून सांगितली जाते.

तिचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. एका सेवकाला न्याय मिळाला तो राजापर्यंत पोहोचता आले म्हणून. बाकीच्यांचे काय? महाराजांना हे कळत होते. १९१९ मध्ये त्यांनी संस्थानातील अधिकाऱ्यांसाठी हुकूम काढला. सरकारी नोकरीत येणाऱ्या अस्पृश्य कर्मचाऱ्यांना ममतेने आणि समतेने वागवावे. ज्या अधिकाऱ्याला हे जमणार नाही त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही.

जातीचा अन्याय आणि आजच्या ऑफिसातला जाच एकाच तागडीत तोलता येणार नाहीत. पण त्या हुकमाची रचना आजही शिकण्यासारखी आहे. वागता येत नसेल तर जायचे कोणी, याचे उत्तर त्यात लिहिले होते. जायचे ते अधिकाऱ्याने, आणि किंमतही त्यानेच मोजायची. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच शहरात चित्र उलटे आहे. साहेब तापट असतो आणि राजीनामा कारकून देतो. दोन महिन्यांचा पगार अडकतो तोही त्याचाच.

मग व्हायला काय हवे?

पहिली गोष्ट सरकारने करायची आहे. लैंगिक छळाच्या कायद्यात जशी जिल्हा पातळीवरील स्थानिक समिती आहे, तशीच व्यवस्था लहान आस्थापनांतील छळाच्या तक्रारींसाठी हवी. कर्मचाऱ्यांची संख्या कमी असली म्हणून अपमान कमी होत नाही. उलट लहान ऑफिसात तक्रार ऐकणारा आणि त्रास देणारा एकच असतो.

दुसरी गोष्ट व्यापारी आणि उद्योजकांच्या संघटनांना सहज करता येईल. बाहेरच्या दोन-तीन जाणत्या माणसांसमोर नाव गुप्त ठेवून तक्रार सांगता येईल, एवढी सोय पुरे. धंद्यातली देणी-घेणी संघटनेत बसून मिटवण्याची सवय पेठेला आहेच.

तिसरी गोष्ट मालकांची. वर्षात किती लोक सोडून गेले आणि कोणाच्या हाताखालून गेले, हे एका कागदावर मांडले तरी पुष्कळ कळते. एकाच टेबलाखालून माणसे गळत असतील तर दोष टेबलाच्या कोणत्या बाजूला आहे, हे दिसायला सल्लागार लागत नाही.

आणि जो आज सोसतो आहे त्याच्यासाठी : नेमणूकपत्र मागून घ्या. मूळ कागदपत्रे कोणाकडे ठेवू नका, प्रती द्या. तोंडी सांगितलेले काम साध्या मेसेजवर लिहून खात्री करून घ्या. काय घडले, कधी, कोणासमोर याची तारखेसह नोंद ठेवा. पगार किंवा ओव्हरटाइम अडला तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडत असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. नोकरी सोडणे हा पराभव नसतो. फक्त घरच्यांना खरे कारण सांगून सोडा, म्हणजे पुढच्या पोराला तिथे चिकटवताना मामा दोनदा विचार करील.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणीच बोलत नाही, यावरच वाईट साहेबाचे राज्य चालते. पुण्यातील त्या समारंभात ती थट्टेत बोलली गेली. ती गंभीरपणे, वेळेवर आणि योग्य माणसाकडे बोलता येईल अशी एक जागा प्रत्येक पेठेत असायला हवी. राजा परत येण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. १९१९ मध्ये तर राजालाही ते पुरेसे वाटले नव्हते.